वॉरबर्गची साखर आणि नव्वद वर्षांचा उशीर

कर्करोगाच्या गाठीत श्वसन जोरात चालत असणार, अशी ओटो वॉरबर्ग यांची अपेक्षा होती. १९०८ साली नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना त्यांनी पाहिलं होतं, की फलन होताच अंडं सहापटीपर्यंत अधिक ऑक्सिजन घेऊ लागतं. जी पेशी झपाट्यानं वाढते तिला अधिक इंधन जाळावं लागणार, हे त्यामागचं गणित. पहिल्या महायुद्धात घोडदळात गेलेली वर्षं मागे टाकून ते बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत परतले आणि १९२३ च्या सुमारास त्यांनी हे गणित कर्करोगावर तपासायला घेतलं. उंदरांमध्ये रुजवलेल्या गाठीचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप करायचे, ते ग्लुकोजच्या द्रावात ठेवायचे आणि वायूचा दाब मॅनोमीटरवर वाचत राहायचं, अशी पद्धत. निकाल उलटा आला. ऑक्सिजनचा खप वाढलेला नव्हता. ग्लुकोज मात्र गाठ अधाशासारखी ओढत होती आणि पुरेसा ऑक्सिजन हाताशी असताना त्यातल्या मोठ्या हिश्श्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकत होती. तासाभरात तयार होणारं आम्ल कापाच्या कोरड्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकं भरत होतं. बहुतेक निरोगी ऊती हा मार्ग धरतात तो ऑक्सिजन कमी पडला तर. कर्करोगाची पेशी तो एरवीही धरते. आज या वागण्याला ‘वॉरबर्ग परिणाम’ म्हणतात.

काचेच्या भांड्यातलं वागणं शरीरात खरं ठरतं का, हा आक्षेप लगेच आला आणि त्याचं उत्तरही लवकर मिळालं. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथं कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं एका कोंबडीच्या दोन पंखांमधलं रक्त तपासलं. एका पंखावर गाठ होती, दुसरा निरोगी होता. गाठीच्या पंखातून परतणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त निघालं. १९२७ मध्ये वॉरबर्ग, फ्रांझ विंड आणि एर्विन नेगेलाइन यांनी उंदरांच्या गाठीत शिरणारं आणि तिच्यातून बाहेर पडणारं रक्त मोजलं. निरोगी ऊती धमनीतल्या ग्लुकोजपैकी २ ते १८ टक्के घेत होत्या. गाठी ४७ ते ७० टक्के घेत होत्या, आणि घेतलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांशाचं लॅक्टिक आम्ल होत होतं. म्हणजे गाठीच्या आतला भाग साखरेला महाग आणि आम्लानं भरलेला असतो, याचा पुरावा १९२७ सालीच छापून आला होता. त्या भागात कर्करोगाच्या पेशींखेरीज आणखी कोण राहतं आणि त्यांचं तिथं काय होतं, हा प्रश्न मात्र जोरकसपणे विचारला गेला तो २०१५ च्या आसपास. माझं म्हणणं असं, की हा उशीर मोजमापांच्या अभावी झाला नाही. गाठ म्हणजे एकाच जातीच्या पेशींचा गोळा, असं धरून चालल्यामुळे तो झाला. आणि प्रश्न अखेर विचारला गेला तेव्हा घाईनं दिलेलं पहिलं उत्तरही त्याच समजुतीतून पुरतं बाहेर पडलेलं नव्हतं.

आजच्या ज्ञानाच्या उजेडात कालच्या माणसांना दोष देणं सोपं आहे, असं यावर कुणी म्हणेल. निदान १९६० पर्यंतच्या काळाबाबत हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गाठींमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी असतात हे विकृतिशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण लिम्फोसाइट नेमकं काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्य संपत आलेल्या, निष्क्रिय पेशी अशीच त्यांची ख्याती होती. पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये वनस्पतिजन्य प्रथिनानं चेतवल्यावर या पेशी पुन्हा विभागू लागतात हे दाखवलं, आणि १९६१ मध्ये जाक मिलर यांनी थायमस ग्रंथीचं महत्त्व उलगडलं. त्याआधी थायमसमध्ये घडणाऱ्या लिम्फोसाइटसाठीचा टी-पेशी हा शब्दच नव्हता. मग तिच्या भुकेचा विचार कोण करणार? शिवाय वॉरबर्ग यांचा रोख वेगळीकडे होता. कर्करोगाच्या पेशीचं श्वसन कायमचं बिघडतं आणि त्या बिघाडातूनच कर्करोग जन्मतो, असं त्यांचं ठाम मत होतं. १९५६ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. सिडनी वाइनहाउस यांनी त्याच वर्षी आणि त्याच नियतकालिकात उत्तर दिलं, की बहुतेक कर्करोगपेशींचं श्वसन ठणठणीत असतं. काळानं वाइनहाउस यांच्या बाजूनं कौल दिला. डोळ्यातल्या दृष्टिपटलासारखी निरोगी ऊतीही ऑक्सिजन असताना लॅक्टिक आम्ल बनवते, ही अडचण वॉरबर्ग यांच्यापुढे होतीच. ऊती काढताना झालेल्या इजेचा तो परिणाम, असं त्याचं स्पष्टीकरण ते देत. त्यांचं निरीक्षण पक्कं होतं आणि त्यांचा सिद्धांत चुकीचा. पण सिद्धांतावर त्यांचा जीव इतका जडला होता, की हीच सवय निरोगी पेशींनाही असू शकते ही शक्यता त्यांनी दाराबाहेर ठेवली.

रोगप्रतिकाराच्या बाजूचा इतिहास याच काळात पलीकडच्या वाटेनं चालला होता. शरीर स्वतःच उगवत्या कर्करोगांना दाबून टाकत असावं, ही कल्पना पाउल एर्लिख यांनी १९०९ मध्ये मांडली. पन्नासच्या दशकात लुइस थॉमस आणि ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी तिला ‘पहाऱ्या’चं रूप दिलं. १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन यांनी थायमस नसलेल्या उंदरांना कर्करोगकारक रसायन दिलं, तेव्हा त्यांच्यात गाठी काही जास्त झाल्या नाहीत, आणि पहाऱ्याची कल्पना पंचवीस-एक वर्षं अडगळीत पडली. त्या उंदरांमध्ये प्रतिकारशक्ती पूर्ण नाहीशी झालेली नसते, हे नंतर कळलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये टी-पेशी मुळीच नसलेले उंदीर वापरून तीच परीक्षा पुन्हा घेतली आणि पहारा खरा असल्याचं सिद्ध केलं. तोवर चयापचयाचे अभ्यासक आणि रोगप्रतिकाराचे अभ्यासक एकमेकांची नियतकालिकंही क्वचितच वाचत होते.

१९६० नंतरच्या काळाबाबत मात्र मी इतका उदार होऊ शकत नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पिएत्रो गुलिनो यांनी उंदरांच्या गाठींमध्ये सूक्ष्म छिद्रांच्या कुप्या बसवून पेशींच्या मधल्या फटींतला द्राव गोळा केला. त्यात ग्लुकोज जवळजवळ नव्हतं आणि लॅक्टिक आम्ल भरपूर होतं. टी-पेशी गाठीत शिरली तर ज्या द्रावात तिला जगावं लागेल तोच हा द्राव. बारा वर्षांनी, १९७६ मध्ये, ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध आला: चेतवलेल्या लिम्फोसाइट विभागू लागतात तेव्हा त्याही ऑक्सिजन असताना ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात. म्हणजे वॉरबर्ग यांनी कर्करोगाची खूण मानलेली सवय कर्करोगाशी लढणाऱ्या पेशीतही सापडली होती. ही दोन मोजमापं शेजारी ठेवली असती तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला असता. ती शेजारी ठेवली गेली नाहीत, कारण त्याच १९७६ साली मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटानं कर्करोगकारी जनुकाचं मूळ निरोगी पेशीतल्याच जनुकात असल्याचं दाखवलं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जनुकांची झाली. ते काम मोलाचं होतं यात शंका नाही. पण त्याच्या तेजात चयापचय जुनाट वाटू लागला. हानाहान आणि वाइनबर्ग यांच्या २००० सालच्या प्रसिद्ध लेखात कर्करोगाची सहा लक्षणं होती, त्यांत चयापचय नव्हता आणि रोगप्रतिकाराला चुकवणंही नव्हतं. २०११ च्या सुधारित लेखात दोन्ही आली, तीही एकाच वेळी, पण दोन वेगळे मुद्दे म्हणून.

पुरावा रोज डोळ्यांसमोर असूनही कसा दिसत नाही, याचं सर्वांत ठळक उदाहरण पेट स्कॅनचं आहे. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून द्यायचं आणि ते कुठं साचतं ते पाहायचं, ही या तपासणीची रीत. १९७६ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते द्रव्य पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. भारतात ही सोय २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये प्रथम सुरू झाली. वॉरबर्ग यांच्या शोधाचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग तो हाच. पण ही तपासणी वाचणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरला एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकावी लागते: क्षयरोगानं सुजलेली लसिकाग्रंथीही कर्करोगासारखीच उजळते. तिथं कर्करोगाची एकही पेशी नसते. साखर ओढणाऱ्या असतात त्या क्षयाच्या जंतूंशी झुंजणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. रोगनिदानातला घोटाळा म्हणून याची नोंद झाली आणि तो कसा टाळावा यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातून पुढचा निष्कर्ष काढायचं जपानमधल्या सेंदाईच्या कुबोता यांच्या गटानं धाडस केलं. १९९२ मध्ये त्यांनी उंदरांच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि गाठीतल्या मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशींमध्ये ही खुणेची साखर खुद्द कर्करोगपेशींपेक्षाही जास्त साचलेली दाखवली. या निबंधाला त्याच्या योग्यतेचं महत्त्व मिळायला जवळपास तीस वर्षं लागली.

दोन वाटा जिथं मिळाल्या तिथं क्रेग थॉम्पसन हे नाव ठळकपणे येतं, आणि ते मूळचे रोगप्रतिकाराचे अभ्यासक होते हा योगायोग नाही. २००२ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की टी-पेशीला जोर देणारा सीडी-२८ नावाचा ग्राहक पेशीची ग्लुकोज घेण्याची क्षमताही वाढवतो, आणि हा आदेश ‘एकेटी’ नावाच्या प्रथिनामार्फत जातो. त्यांच्याच गटानं दोन वर्षांत सांगितलं, की कर्करोगपेशीत तेच एकेटी तीच सवय लावतं. २००५ मध्ये आणखी एक दुवा जुळला: सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे टी-पेशीवरचे दोन लगाम तिचा ग्लुकोजचा चयापचयही आवळतात. हे दोन लगाम सैल करणाऱ्या उपचारांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. म्हणजे ज्या औषधांना आपण रोगप्रतिकाराची औषधं म्हणतो, ती पेशीच्या इंधनाच्या व्यवहारातही हात घालत होती.

यानंतरचा प्रयोग सेंट लुइसचा, आणि तो मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. बफेलो सोडल्यावर कोरी दांपत्य १९३१ मध्ये याच वॉशिंग्टन विद्यापीठात आलं होतं आणि १९४७ चं नोबेल त्यांना इथं असतानाच मिळालं. श्रायबर यांचे उंदीर इथलेच, आणि टी-पेशींच्या चयापचयावर काम करणाऱ्या एरिका पीअर्स यांची प्रयोगशाळाही त्या वेळी इथंच होती. पीअर्स यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं होतं, की ग्लुकोज तोडण्याचं काम थंडावलं की टी-पेशी मरत नाही, पण इंटरफेरॉन-गॅमा हे तिचं महत्त्वाचं अस्त्र ती पुरेसं बनवू शकत नाही. ग्लुकोज तोडणारं एक विकर रिकामं बसतं आणि त्या अस्त्राच्या आराखड्याला चिकटून त्याचं उत्पादन अडवतं. २०१५ मध्ये त्यांनी निरोगी उंदराचं शरीर एरवी सहज नष्ट करतं अशी एक गाठ घेतली आणि तिच्या पेशींना अधिक ग्लुकोज वापरायला लावलं. तिची प्रतिजनी ओळख, म्हणजे टी-पेशींना ती जिच्यावरून परकी वाटते ती खूण, तशीच होती. तरीही आता ती गाठ वाढली. त्याच महिन्यात येल विद्यापीठातल्या सुझन केच यांच्या गटानं ग्लुकोजच्या तुटण्यातून मिळणारं एक मधलं द्रव्य कमी पडल्यानं टी-पेशीतले इशारे कसे मंदावतात ते दाखवलं. निष्कर्ष असा निघाला, की कर्करोग टी-पेशीच्या तोंडचा घास काढून घेतो.

या निष्कर्षावरचा सर्वांत भक्कम आक्षेप सहा वर्षांनी आला, तो व्हँडरबिल्ट विद्यापीठातून. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या गाठींमधल्या पेशी जातवार वेगळ्या करून प्रत्येक जात किती ग्लुकोज घेते ते मोजलं. दर पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज घेणाऱ्या निघाल्या त्या मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी. कर्करोगपेशी ग्लुटामाइन नावाच्या अमिनो आम्लात पुढे होत्या. कुबोता यांनी १९९२ मध्ये जे पाहिलं होतं तेच हे, अधिक नेमक्या हत्यारांनी. शिवाय ग्लुटामाइन अडवलं की पेशी अधिक ग्लुकोज घेत होत्या, म्हणजे त्या गाठींत साखर संपलेली नव्हती. मग २०१५ चं काम चुकलं का? मला तसं वाटत नाही. कर्करोगपेशीचा चयापचय बदलला की प्रतिकाराचं फळ बदलतं, हे त्या प्रयोगानं दाखवलं आणि ते टिकून आहे. चुकली ती एका शत्रूनं सारी साखर फस्त केल्याची सरळ गोष्ट. गाठीगाठीत फरक असतो. काहींमध्ये द्रावातलं ग्लुकोज खूप उतरतं, काहींमध्ये नाही. कोणती पेशी काय खाणार हे उपलब्धतेइतकंच तिच्या आतल्या आदेशांवर ठरतं. आणि गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशींपैकी पुष्कळशा गाठीच्याच कामी लागलेल्या असतात.

म्हणूनच खाण्यापेक्षा टाकण्याची बाजू मला अधिक निर्णायक वाटते. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या मारिना क्रॉयट्झ यांच्या गटानं २००७ मध्ये माणसाच्या टी-पेशींना गाठीत असतं तितकं लॅक्टिक आम्ल दिलं, तेव्हा त्यांची वाढ आणि अस्त्रनिर्मिती खालावली. २०१६ मध्ये त्याच गटानं उंदरांच्या गाठींतलं लॅक्टिक आम्ल बनवणारं विकर कमी केलं. गाठींची वाढ मंदावली, पण टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी नसलेल्या उंदरांत तो फायदा उरला नाही. येलमध्ये २०१४ साली दिसलं, की हेच आम्ल मॅक्रोफेजना गाठीला पोसणारं वळण लावतं. पिट्सबर्गमध्ये २०२१ साली दिसलं, की प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी लॅक्टेट चक्क इंधन म्हणून वापरतात. एकाच टाकाऊ द्रव्यानं लढणारे थकतात आणि त्यांना रोखणारे पोसले जातात. लॅक्टेट सरसकट विष नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: आम्लता काढून टाकलेलं लॅक्टेट लढाऊ टी-पेशींना पोषकही ठरू शकतं. घात होतो तो आम्लता आणि लॅक्टेट एकत्र आल्यानं. माणसांतही याची खूण सापडते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात रक्तातलं एलडीएच, म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणारं तेच विकर, वाढलेलं असलं, तर रोगप्रतिकाराच्या औषधांचा गुण कमी येतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. त्याचा अर्थ केवळ गाठींचं ओझं मोठं आहे इतकाच असू शकेल, हे मी नाकारत नाही. पण प्रयोगशाळेतला पुरावा दुसऱ्या अर्थाकडेही तितक्याच जोरानं बोट दाखवतो.

गाठीतला चयापचय बदलून प्रतिकाराला बळ द्यावं, या विचारावर उपचार उभा करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न फसला, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांनी एका जुन्या कोड्याचं उत्तर शोधलं: पित्याचे अंश असलेला गर्भ आईचं शरीर फेकून का देत नाही? उंदरांच्या वारेत आयडीओ नावाचं विकर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडतं आणि टी-पेशींना आवरतं. ते विकर अडवलं की परके गर्भ पडत होते. २००३ मध्ये ब्रसेल्समधल्या संशोधकांनी अनेक मानवी कर्करोगांत तेच विकर दाखवलं. त्यावर एपॅकॅडोस्टॅट हे औषध आलं आणि मेलानोमाच्या ७०६ रुग्णांवर, पीडी-१ रोखणाऱ्या औषधाच्या जोडीनं, त्याची चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल लागला. आजार न वाढता गेलेला मध्यम काळ जोडीनं ४.७ महिने, एकट्या पीडी-१ रोखणाऱ्या औषधानं ४.९. फायदा शून्य. चयापचयाचा सारा विचारच यानं फोल ठरला, असं म्हणणारे आहेत. मला मात्र या चाचणीतून घाई दिसते. ट्रिप्टोफॅन मोडणारी इतर विकरं शरीरात आहेत, आणि ज्यांच्या गाठीत आयडीओ जोरात आहे असेच रुग्ण निवडले गेले नव्हते. एका विकराला सगळ्या रुग्णांत एकच महत्त्व आहे असं गृहीत धरणं ही गाठीला एकजिनसी गोळा मानणाऱ्या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती होती. याउलट २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जोनाथन पॉवेल यांच्या गटानं उंदरांमध्ये ग्लुटामाइनचा वापर अडवला तेव्हा कर्करोगपेशी कोलमडल्या, पण टी-पेशी दुसरं इंधन धरून अधिक टिकाऊ झाल्या. दोन्ही पेशी सारखंच खात असल्या तरी अडचणीत सारख्या वागत नाहीत. पुढची वाट या फरकातून जाते असं मला वाटतं, जरी माणसांच्या उपचारात ती अजून सिद्ध झालेली नाही.

आपल्याकडे वॉरबर्ग हे नाव बहुतेकांच्या कानी पडतं ते मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून: कर्करोगाचं कारण शोधल्याबद्दल यांना नोबेल मिळालं होतं, तेव्हा साखर बंद करा, सोडा प्या, कर्करोग उपाशी मरेल. १९३१ चं ते नोबेल श्वसनाच्या विकराचं स्वरूप उलगडल्याबद्दल होतं. जेवणातली साखर थांबवली तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज भरून काढतं, आणि सोडा प्यायल्यानं रक्ताची आम्लता हवी तशी हलत नाही, कारण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ती जागेवर ठेवतात. वजन उतरतं ते रुग्णाचं, आणि अशक्त शरीराला उपचार झेपत नाहीत. शिवाय गाठीशी लढणाऱ्या टी-पेशीलाही तेच ग्लुकोज लागतं. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर त्याचं ताट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून वाढा, आणि असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका.